पेट्रोल एंजीन तेलाच्या प्रती

पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन एंजिनातील वंगणतेल त्या एंजिनाचे संरक्षण कितपत करू शकते, यानुसार तेलाचे केलेले वर्गीकरण म्हणजे एंजीन तेलाच्या प्रती होत. तेलाच्या डब्यावर सामान्यतः दोन खुणा छापलेल्या असतात. ‘२० डब्ल्यू-४०’ यांसारखी पहिली खूण तेलाची श्यानता (दाटपणा) दर्शविते, तर ‘एसएल’, ‘एसएन’ यांसारखी अक्षरे तेलाची प्रत दर्शवितात. या दोन खुणा परस्परांपासून स्वतंत्र आहेत. एकाच श्यानतेची दोन तेले गुणवत्तेने अगदी भिन्न असू शकतात आणि त्यांपैकी एकाने एंजीन दीर्घकाळ टिकते, तर दुसऱ्याने ते अल्पावधीत निकामी होते. तेलाचा रंग, वास किंवा बोटांना जाणवणारा चिकटपणा यांवरून त्याची प्रत ओळखता येत नाही. ते तेल घालून एंजीन ठराविक तास चालविणे आणि नंतर ते उघडून झीज व साका तपासणे, हाच प्रत ठरविण्याचा खात्रीचा मार्ग आहे. सामान्य ग्राहकाला ही परीक्षा करणे शक्य नसल्यामुळे तिचा निष्कर्ष त्याला एका अक्षराच्या रूपाने सांगण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीतील जवळजवळ प्रत्येक नवे अक्षर एंजिनांत उद्‌भवलेल्या एखाद्या बिघाडातून किंवा बदललेल्या गरजेतून निर्माण झाले आहे.

तेलाची कार्ये : भुजादंड व त्याचे धारवे, दट्ट्या व सिलिंडर, तसेच कॅमदंड व झडपांची यंत्रणा यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये तेलाचा पातळ पटल राखून घर्षण व झीज कमी करणे, हे एंजीन तेलाचे मुख्य कार्य होय. याशिवाय ते दट्ट्याची उष्णता वाहून नेते, दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांमधील फट बुजविते, धातूला गंज चढू देत नाही आणि ज्वलनातून निर्माण होणारी काजळी व अम्ले स्वतःमध्ये सामावून घेते. ही कामे करताना तेलाचा हवेशी व तप्त धातूशी सतत संपर्क येतो. त्यामुळे त्याचे ऑक्सिडीभवन होऊन ते दाट होते, अम्लधर्मी बनते व शेवटी त्याचा साका होतो. तेलाची प्रत म्हणजे या ऱ्हासाला तोंड देण्याची त्याची क्षमता होय.

प्रारंभीचा काळ : पहिल्या मोटारगाड्यांत वाफेच्या एंजिनांसाठी तयार केलेली खनिज तेले, तसेच प्राणिज व वनस्पतिज तेले वापरीत. एरंडेल उच्च तापमानासही धातूला चिकटून राहते, त्यामुळे विमानांच्या व शर्यतीच्या गाड्यांच्या एंजिनांत ते विशेष पसंत केले जाई. ‘कॅस्ट्रॉल’ हे १९०९ मध्ये प्रचारात आलेले व्यापारी नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर ऑइल’ या इंग्रजी नावावरूनच पडले. तथापि एरंडेल लवकर चिकट होऊन त्याचा रोगणासारखा थर जमतो, म्हणून सर्वसाधारण गाड्यांसाठी खनिज तेलच सोयीचे ठरले. त्या काळी ‘हलके’, ‘मध्यम’ व ‘जड’ असे शब्द विक्रेते आपापल्या समजुतीप्रमाणे वापरीत. एका कंपनीचे ‘मध्यम’ तेल दुसरीच्या ‘जड’ तेलाइतके दाट असू शके.

श्यानतेचे क्रमांक : हा गोंधळ दूर करण्यासाठी सोसायटी ऑफ ऑटोमोबाइल एंजिनिअर्स (एसएई, स्थापना १९०५) या अमेरिकन संस्थेने १९११ मध्ये श्यानतेवर आधारलेले वर्गीकरण प्रसिद्ध केले. आज प्रचलित असलेले क्रमांक त्याच्याच सुधारित रूपातील आहेत. उदा., १००° से. तापमानास ज्याची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक यांदरम्यान असते ते तेल ‘३०’ क्रमांकाचे, तर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांदरम्यानचे ‘४०’ क्रमांकाचे होय. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या ‘विंटर’ शब्दाचे असून त्याच्या आधीचा अंक थंडीत एंजीन सुरू होण्याशी संबंधित आहे. अंक जितका लहान, तितके तेल कमी तापमानास प्रवाही राहते.

सर्व तेले तापविली असता पातळ होतात, पण सारख्या प्रमाणात नाही. १९२९ मध्ये ई. डब्ल्यू. डीन व जी. एच. बी. डेव्हिस यांनी या फरकाचे मापन करण्यासाठी ‘श्यानता निर्देशांक’ मांडला. तापमानाने कमी बदलणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील तेलास त्यांनी १०० व फार बदलणाऱ्या आखाती किनाऱ्यावरील तेलास ० हा अंक दिला. पुढे दीर्घ रेणूंची बहुवारिके मिसळून थंडीत पातळ व उष्णतेत पुरेशी दाट राहणारी ‘बहुश्रेणी’ तेले बनविता आली. ‘२० डब्ल्यू-४०’ हे तेल थंडीत २० डब्ल्यू या श्रेणीप्रमाणे व तप्त एंजिनात ४० या श्रेणीप्रमाणे वागते. मात्र हे सर्व क्रमांक तेल किती दाट आहे एवढेच सांगतात. ते किती काळ टिकेल, अम्लांना कसे तोंड देईल व साका होऊ देईल की नाही, याबद्दल ते मौन पाळतात.

पूरक द्रव्यांचा उदय : १९३० च्या दशकात एंजिनांची शक्ती व वेग वाढला. मऊ बॅबिट धातूच्या धारव्यांऐवजी तांबे-शिसे व कॅडमियम यांच्या मिश्रधातूंचे धारवे वापरात आले. ते अधिक भार सोसत, परंतु ऑक्सिडीभूत तेलातील अम्लांनी त्यांचे क्षरण होई. त्याच सुमारास डीझेल एंजिनांत दट्ट्याच्या कड्या साक्यामुळे जागच्या जागी अडकू लागल्या. निव्वळ शुद्ध केलेले खनिज तेल, ते कितीही उत्तम असले, तरी यापुढे पुरे पडणार नाही हे स्पष्ट झाले. तेव्हा तेलात अल्प प्रमाणात रसायने मिसळण्यास सुरुवात झाली. प्रतिऑक्सिडीकारके तेलाचे ऑक्सिडीभवन लांबवितात. प्रक्षालके धातूचे पृष्ठभाग स्वच्छ ठेवतात व अम्लांचे उदासिनीकरण करतात. परिक्षेपके काजळीचे कण एकत्र येऊ न देता तेलात तरंगत ठेवतात. १९४० च्या दशकात प्रचारात आलेले झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे संयुग प्रथम धारव्यांचे क्षरण रोखण्यासाठी वापरले गेले. नंतर ते धातूवर संरक्षक पटल निर्माण करून झीजही कमी करते असे आढळून आले. आजही ते एंजीन तेलातील अत्यंत महत्त्वाचे पूरक द्रव्य आहे.

पूरक द्रव्यांमुळे श्यानतेच्या क्रमांकाची मर्यादा उघड झाली. ‘३०’ क्रमांकाच्या दोन डब्यांपैकी एकात निव्वळ तेल व दुसऱ्यात ही सर्व द्रव्ये असू शकत आणि क्रमांकावरून त्यांतील भेद कळत नसे.

प्रतींचे पहिले प्रयत्न : अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय, स्थापना १९१९) या संस्थेने १९४७ मध्ये एंजीन तेलांचे तीन वर्ग केले. ‘रेग्युलर’ म्हणजे निव्वळ खनिज तेल, ‘प्रीमियम’ म्हणजे प्रतिऑक्सिडीकारक असलेले तेल आणि ‘हेवी ड्यूटी’ म्हणजे प्रतिऑक्सिडीकारकाबरोबरच प्रक्षालक व परिक्षेपक असलेले तेल. हे वर्गीकरण तेलात काय घातले आहे हे सांगे. त्याने एंजिनाचे किती रक्षण होते हे सांगत नसे. म्हणून १९५२ मध्ये एंजीन कोणत्या परिस्थितीत चालते यावर आधारलेली नवी पद्धत आली. तीत पेट्रोल एंजिनांसाठी एमएल (सौम्य), एमएम (मध्यम) व एमएस (तीव्र) अशा, तर डीझेल एंजिनांसाठी डीजी, डीएम व डीएस अशा संज्ञा होत्या.

या पद्धतीने एक उपयुक्त गोष्ट लोकांसमोर आणली. तीव्र परिस्थिती म्हणजे केवळ भरधाव वेग नव्हे. शहरात वारंवार थांबत थोड्या अंतरापर्यंत चालविलेल्या गाडीचे एंजीन पुरेसे तापत नाही. ज्वलनातून निर्माण झालेले पाणी व न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि त्यापासून मऊ, काळपट साका तयार होतो. हा साका तेलाची गाळणी व मार्ग बुजवितो आणि वंगणाचा पुरवठा तुटल्याने धारवे जळतात. तथापि ‘तीव्र’ म्हणजे नेमके किती, याचे मोजमाप मूळ पद्धतीत नव्हते. अमेरिकेतील मोटार उत्पादकांनी एमएस तेलांसाठी एंजीन-चाचण्यांची मालिका ठरवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. परंतु एमएस हे नाव तेच राहून चाचण्या मात्र कडक होत गेल्या, त्यामुळे १९६४ चे एमएस तेल व १९६८ चे एमएस तेल यांत भेद करता येईना.

अक्षरमाला : ही अडचण सोडविण्यासाठी एपीआय, एसएई व अमेरिकन सोसायटी फॉर टेस्टिंग अँड मटेरियल्स (एएसटीएम) या तीन संस्थांनी एकत्र येऊन १९७० च्या सुमारास आजची पद्धत अंमलात आणली. तीत पेट्रोल एंजीन तेलाच्या प्रतीचे पहिले अक्षर ‘एस’ व डीझेल एंजीन तेलाचे ‘सी’ असते. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितकी प्रत नवी व सामान्यतः अधिक कडक. चाचण्या बदलल्या की जुने नाव न ताणता नवे अक्षर द्यावयाचे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. काही अक्षरे मध्येच गाळलेली आहेत.

एसए म्हणजे पूरक द्रव्ये नसलेले तेल. एसबी मध्ये प्रतिऑक्सिडीकारक व झीज रोखणारे द्रव्य अल्प प्रमाणात असे. एससी व एसडी या अनुक्रमे १९६४ व १९६८ पासूनच्या गाड्यांसाठी होत्या आणि त्यांत साका, गंज व झीज यांविरुद्ध संरक्षण अपेक्षित होते. १९७२ च्या गाड्यांसाठीच्या एसई प्रतीत उच्च तापमानास तेल दाट होऊ न देण्यावर भर होता. १९८० च्या एसएफ प्रतीत ऑक्सिडीभवन व झडपांच्या यंत्रणेची झीज यांविषयीच्या अटी अधिक कडक झाल्या. १९८० च्या दशकात यूरोप व अमेरिका येथे अनेक एंजिनांत डांबरासारखा काळा साका आढळू लागला. त्यावरील उपाय म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस एसजी ही प्रत आली. त्यानंतर एसएच (१९९३), एसजे (१९९६), एसएल (२००१), एसएम (२००४), एसएन (२०१०), एसपी (२०२०) व एसक्यू (२०२५) या प्रती क्रमाने आल्या.

चाचण्या : प्रतीचे अक्षर मिळविण्यासाठी तेल निरनिराळ्या एंजीन-चाचण्यांतून उत्तीर्ण व्हावे लागते. प्रत्येक चाचणी एका विशिष्ट बिघाडासाठी असते. एल-३८ या जुन्या चाचणीत एकच सिलिंडर असलेले एंजीन ४० तास चालवीत आणि तांबे-शिसे धारव्याचे आधीचे व नंतरचे वजन करीत. एसजी प्रतीच्या तेलास ४० मिग्रॅ. पर्यंतचीच घट मान्य होती. ‘सीक्वेन्स’ या नावाच्या मालिकेतील तिसऱ्या चाचणीत उच्च तापमानास होणारे ऑक्सिडीभवन तपासतात. तिच्या २००४ च्या सुमाराच्या रूपात ३.८ लिटर एंजीन तेलाचे तापमान १५०° से. राखून १०० तास चालवीत आणि तेलाची श्यानता (४०° से. ला मोजलेली) १५० टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये अशी अट होती. चौथी चाचणी कॅमदंडाच्या झिजेची, पाचवी कमी तापमानास होणाऱ्या साक्याची व सहावी इंधन-बचतीची आहे. चाचणीतील एंजिनांची उत्पादने बंद पडली की नव्या एंजिनांवर नव्या चाचण्या बसवाव्या लागतात; प्रती बदलण्याचे हेही एक कारण आहे.

फॉस्फरसाचा प्रश्न : अमेरिकेत १९७५ पासून गाड्यांच्या उत्सर्जन नळीत उत्प्रेरकी परिवर्तक बसविण्यात येऊ लागले. विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणाऱ्या या साधनातील उत्प्रेरक तेलाबरोबर जळून आलेल्या फॉस्फरसामुळे निष्प्रभ होतो. हा फॉस्फरस वर उल्लेखिलेल्या झीज रोखणाऱ्या संयुगातूनच येतो. एंजिनाला हितकारक द्रव्य अशा रीतीने हवेच्या शुद्धतेला अहितकारक ठरले. त्यामुळे कमी श्यानतेच्या तेलांतील फॉस्फरसाची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने ०.१२ टक्क्यांवरून ०.१० व नंतर ०.०८ टक्क्यांवर आणली गेली. त्याबरोबरच झीज फार वाढू नये म्हणून ०.०६ टक्के ही किमान मर्यादाही घातली गेली. तेलाची प्रत ठरविताना एंजिनाचा मालक व हवा वापरणारा समाज या दोघांच्या हिताचा मेळ घालावा लागतो, तो असा.

प्रमाणपत्र व खुणा : प्रारंभी तेल कोणत्या प्रतीचे आहे हे उत्पादक स्वतःच जाहीर करी. एपीआयने १९८३ मध्ये दोन समकेंद्री वर्तुळांची खूण सुरू केली. तिच्या वरच्या भागात प्रत व मध्यभागी श्यानता-क्रमांक असतो. अमेरिकन व जपानी मोटार उत्पादकांनी मिळून स्थापिलेल्या ‘इल्सॅक’ या समितीने ‘जीएफ’ ही स्वतंत्र मालिका सुरू केली. तीत गुणवत्तेबरोबर इंधन-बचतीचीही अट असते. १९९३ पासून परवाना व प्रमाणीकरणाची अधिक कडक पद्धत अंमलात आली आणि चाचण्यांची नोंद व बाजारातील नमुन्यांची तपासणी यांना महत्त्व आले. एसएच ही प्रत गुणवत्तेच्या दृष्टीने एसजीपेक्षा फारशी वेगळी नव्हती. ती सिद्ध करण्याची रीत मात्र अधिक काटेकोर होती.

यूरोपीय उत्पादकांच्या ‘एसीईए’ या संघटनेने १९९६ पासून आपली निराळी वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात पेट्रोल एंजिनांसाठी ‘ए’ हा वर्ग असून उत्प्रेरकास अपायकारक घटक कमी असलेल्या तेलांसाठी २००४ पासून ‘सी’ हा वर्ग आहे. एपीआयच्या पद्धतीत ‘सी’ हे अक्षर डीझेलसाठी असल्याने या दोन पद्धतींची अक्षरे एकमेकांत मिसळून वाचू नयेत.

अलीकडील घडामोडी : इंधन-बचतीसाठी लहान आकाराची, थेट इंधन फवारणाऱ्या व टर्बोभारित रचनेची एंजिने प्रचारात आली. कमी वेगात अधिक भार पडला असता त्यांत ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते आणि प्रसंगी दट्ट्या फुटतो. तेलातील कॅल्शियमयुक्त प्रक्षालकांमुळे हा दोष वाढतो असे दिसून आल्यावर त्यांपैकी काही भागाऐवजी मॅग्नेशियमयुक्त प्रक्षालके वापरण्यात येऊ लागली. या दोषाविषयीची अट २०१८ च्या ‘एसएन प्लस’ या पुरवणी प्रतीत प्रथम आली व एसपी प्रतीत कायम झाली. एसपीमध्ये कॅमदंड फिरविणाऱ्या साखळीच्या झिजेचीही चाचणी आहे. याच काळात अधिकाधिक पातळ तेलांकडे कल वाढला. एसएईच्या क्रमांकांत २०१३ मध्ये १६ आणि २०१५ मध्ये ८ व १२ हे क्रमांक दाखल झाले. अशी पातळ तेले त्यांच्यासाठीच आखलेल्या एंजिनांखेरीज इतरत्र वापरू नयेत.

भारतातील स्थिती : भारतात एंजीन तेलांसाठी भारतीय मानक संस्थेचे (आयएस १३६५६) मानक आहे, व्यवहारात मात्र डब्यांवर एपीआयच्या प्रती सर्वत्र आढळतात. वंगणतेलांचे उत्पादन व वितरण यांतील भेसळीला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने १९८७ मध्ये नियंत्रण आदेश काढला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारगाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक सक्तीचे झाले, त्यामुळे तेलातील फॉस्फरसाचा प्रश्न येथेही लागू झाला. पेट्रोलमध्ये एथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढल्याने तेलात पाणी व एथेनॉल उतरण्याचा संभव वाढतो. अशा वेळी पाणी वेगळे साचून गंज चढू नये यासाठीची चाचणी २०१० च्या जीएफ-५ मालिकेपासून समाविष्ट आहे.

भारतातील रस्त्यांवर दुचाकींची संख्या मोठी आहे आणि तेथे प्रतीचे आणखी एक अंग महत्त्वाचे ठरते. चार धावांच्या बहुतेक मोटारसायकलींत एंजीन, दंतचक्रपेटी व क्लच यांना एकच तेल पुरते. मोटारगाडीच्या इंधन-बचत करणाऱ्या तेलातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तेलात बुडालेला क्लच घसरू शकतो. म्हणून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जासो’ या जपानी मानकात क्लचसाठी योग्य अशी ‘एमए’ व घर्षण कमी असलेली ‘एमबी’ अशी विभागणी आहे. गिअर व तेलात बुडालेला क्लच असलेल्या मोटारसायकलीसाठी एपीआयच्या अक्षरांबरोबर ‘एमए’ ही खूणही पाहणे आवश्यक असते. दोन धावांच्या एंजिनातील तेल पेट्रोलबरोबर जळून जाते, म्हणून त्याच्या प्रती सर्वस्वी वेगळ्या आहेत.

निवडीची तत्त्वे : उत्पादकाने सांगितलेली श्यानता व प्रत या दोन्ही गोष्टी पाळणे हा मूळ नियम होय. सामान्यतः नव्या प्रतीचे तेल जुन्या एंजिनास चालते, परंतु जुन्या प्रतीचे तेल नव्या एंजिनास चालत नाही. सपाट तळाच्या टॅपेटची जुनी एंजिने मात्र याला अंशतः अपवाद आहेत. नव्या तेलांत झीज रोखणारे फॉस्फरसयुक्त द्रव्य कमी असल्याने त्यांच्याबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. जुन्या प्रती रद्द झाल्या तरी त्यांची अक्षरे असलेले तेल बाजारातून नाहीसे होतेच असे नाही. एपीआयने याविषयी स्पष्ट इशारे दिले आहेत. त्यांनुसार एसए तेल १९३० नंतर बनविलेल्या बहुतेक पेट्रोल एंजिनांस, एसबी १९५१ नंतरच्या, एससी १९६७ नंतरच्या, एसडी १९७१ नंतरच्या, एसई १९७९ नंतरच्या, एसएफ १९८८ नंतरच्या आणि एसजी १९९३ नंतरच्या बहुतेक एंजिनांस अयोग्य आहे.

तेलाबद्दलचे काही समजही तपासून घेण्यासारखे आहेत. तेल दाट असेल तितके चांगले, असे मानले जाते. परंतु अकारण दाट तेल थंड एंजिनात धारव्यांपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज बरीचशी त्याच वेळी होते. तेल लवकर काळे पडले म्हणजे ते निकृष्ट, हा समजही बरोबर नाही. परिक्षेपके काजळी तेलात तरंगत ठेवतात, त्यामुळे चांगले तेल काळे पडते. जे दीर्घकाळ स्वच्छ दिसते, त्याने काजळी एंजिनातच मागे ठेवलेली असण्याचा संभव असतो. पूरक द्रव्ये ऑक्सिडीभवन व अम्ले यांना तोंड देताना खर्ची पडतात. म्हणून उच्च प्रतीचे तेलही ठराविक अंतरानंतर किंवा काळानंतर बदलावे लागते आणि ही मुदत ठरविताना धूळ, थांबत-थांबत होणारा प्रवास व हवामान यांचा विचार करावा लागतो.